लिफ्ट खाली येताना वजन कमी होतं ना? मग तळमजल्यावर काटा जास्त का दाखवतो?

प्रश्न थोडक्यात असा. अकरावीतल्या एका मुलाने घरचा डिजिटल वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवला आणि त्यावर उभा राहून तो सातव्या मजल्यावरून खाली आला. लिफ्ट खाली जाताना वजन कमी भरतं, असं वर्गात शिकवलं होतं. त्याचं वजन ६० किलो. निघताना आकडा दीडेक किलोने उतरला आणि लगेच साठवर आला, मधल्या वेळात ढिम्म हलला नाही, आणि तळमजला येताना उलट साठच्या वर गेला. ‘सरांचं चुकलं की काट्याचं? आणि दोर तुटला तर वजन शून्य होतं म्हणतात, मग शेवटच्या क्षणी उडी मारली तर वाचेन का?’

काटा बरोबर आहे. सरांचं वाक्य एकतर अर्धं होतं किंवा तू ते अर्धं ऐकलंस. माझी नोकरी लिफ्ट उभारून चालू करून देण्याची, त्यामुळे पुस्तकातलं गणित सांगता सांगता मशीन रूममधलंही थोडं सांगतो. या धड्यातली गंमत खरं तर तिथे आहे.

आधी काटा काय मोजतो ते बघू. तुझ्यावर दोनच बलं आहेत. पृथ्वी तुला खाली ओढते : ६० × ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. आणि काटा तुझ्या तळपायांना वर रेटतो. पहिलं बल लिफ्टमध्ये बदलतच नाही. शंभर मीटर वर गेल्याने गुरुत्वाकर्षणात जो फरक पडतो, तो तुझ्या बाबतीत जेमतेम दोन ग्रॅमचा; कुठलाच घरगुती काटा तो पकडणार नाही. बदलतो तो काट्याचा रेटा, ज्याला पुस्तकात अभिलंब बल किंवा लंब प्रतिक्रिया म्हणतात. काटा हा रेटा मोजतो, त्याला ९.८ ने भागतो आणि किलो म्हणून दाखवतो. आपण स्थिर जमिनीवर आहोत हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. लिफ्टमध्ये हे गृहीतक मोडतं.

आता न्यूटनचा दुसरा नियम. वर जाणारं ते धन धरू. रेटा वजा ५८८ बरोबर ६० गुणिले त्वरण. म्हणजे :

रेटा = वस्तुमान × (९.८ + लिफ्टचं वरच्या दिशेचं त्वरण)

या सूत्रात वेग कुठेच नाही. लिफ्ट वर चालली आहे की खाली, सावकाश की सुसाट, हे सूत्र विचारतच नाही. त्वरण वरच्या दिशेला आहे की खालच्या, एवढंच विचारतं. म्हणून ‘खाली जाताना वजन कमी होतं’ याऐवजी ‘त्वरण खालच्या दिशेला असताना कमी भरतं’ असं म्हण, म्हणजे तुझा काटा आणि तुझे सर दोघंही एकदम बरोबर होतील. खाली निघताना वेग खालच्या दिशेने वाढतो, म्हणजे त्वरण खाली : हलकं. खाली येऊन थांबताना वेग खालच्या दिशेचा असला तरी तो कमी होतोय, म्हणजे त्वरण वर : जड. वर निघतानाही जड आणि वरच्या मजल्यावर थांबताना हलकं. तळमजल्यावर थांबणारी आणि तळमजल्यावरून वर निघणारी लिफ्ट काट्याच्या दृष्टीने एकसारखीच. डोळे मिटून उभं राहिलास तर तुलाही पहिल्या दोन सेकंदांत फरक सांगता येणार नाही.

मधल्या वेळात आकडा का हलला नाही, हेही त्यातच आलं. वेग स्थिर असला की त्वरण शून्य, म्हणजे रेटा ५८८ न्यूटन.

हे तुझ्या लिफ्टच्या आकड्यांत मांडू. सात-आठ मजल्यांच्या सोसायटीत बहुतेक वेळा १ मीटर प्रति सेकंद वेगाची लिफ्ट असते. तिच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेत, त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवलंय असं धरू. पण ब्रेक सुटला आणि त्वरण एका फटक्यात शून्यावरून ०.५ वर गेलं, असं आम्ही होऊ देत नाही. ते एका सेकंदात हळूहळू चढवतो, एक सेकंद तसंच ठेवतो आणि पुढच्या सेकंदात उतरवतो. तीन सेकंदांत लिफ्ट पूर्ण वेगाला येते आणि तेवढ्यात दीड मीटर अंतर कापते. थांबताना हेच उलट. सातव्यावरून तळमजला म्हणजे साधारण २१ मीटर. त्यातले तीन मीटर निघण्या-थांबण्यात गेले, उरलेले १८ मीटर स्थिर वेगाने, म्हणजे १८ सेकंद. एकूण २४ सेकंदांच्या प्रवासात १८ सेकंद तुझं वजन अगदी घरच्यासारखंच. त्वरण पूर्ण ०.५ असतं तेव्हा निघताना रेटा ५५८ न्यूटन, काट्यावर ५६.९ किलो, थांबताना ६१८ न्यूटन, म्हणजे ६३ किलो. हे टोकाचे आकडे सेकंदभरच टिकतात.

मग तुला तीन किलोंच्या जागी दीडच किलोचा फरक का दिसला? घरगुती डिजिटल काटा क्षणाक्षणाचा आकडा दाखवत नाही. माणूस काट्यावर थोडा डुलतोच, म्हणून आतला प्रोग्रॅम थोड्या वेळाची सरासरी काढतो. काही काटे तर आकडा स्थिर झाला की तो गोठवूनच टाकतात. तसल्या काट्यावर तुला काहीच दिसलं नसतं. या प्रयोगाला गोल तबकडीवर सुई फिरणारा जुना स्प्रिंगचा काटा कितीतरी बरा. सुई थरथरते, पण खोटं बोलत नाही.

आणखी एक करून बघण्यासारखं. भाजीवाल्याकडे असतो तसा दोन पारड्यांचा तराजू मिळाला, तर एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन आणि दुसऱ्यात तेवढे कांदे घालून लिफ्टने वर-खाली जा. काटा मधोमधच राहील. लिफ्ट जड करते ती दोन्ही पारड्यांना सारखीच. तराजू वस्तुमानांची तुलना करतो, स्प्रिंगचा काटा बल मोजतो. हा फरक वर्गात सांगून नीट पोचत नाही, लिफ्टमध्ये एका फेरीत पोचतो. लाकडाचा ठोकळा पाण्यात तरंगत ठेवलास तर तोही आहे तेवढाच बुडालेला राहील. ठोकळ्याचं वजन आणि पाण्याचा उत्प्लावक रेटा दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात.

आता आमच्या बाजूचं. लिफ्टच्या आत पाटी असते : ८ व्यक्ती, ५४४ किलो. भागून बघ, माणशी ६८ किलो येतात. यापेक्षा जास्त वजन चढलं की बझर वाजतो आणि दार लागत नाही. हे वजन कारच्या, म्हणजे माणसं उभी असतात त्या पेटीच्या, तळाखाली किंवा वर दोरांच्या टोकाशी बसवलेला सेन्सर मोजतो. म्हणजे तोही काटाच, आणि त्यालाही तुझ्या काट्याचाच आजार. भरलेली लिफ्ट वर निघाली की त्याला माणसं पाच टक्के जड झाल्यासारखी वाटणार. म्हणून ओव्हरलोडचा निर्णय लिफ्ट उभी असताना, निघण्याच्या आधीच घेतात. चालत्या लिफ्टमध्ये त्याचं ऐकलं तर लिफ्ट मधेच ओरडत बसेल.

त्वरणाचा खरा हिशेब मात्र दोरांवर करावा लागतो. लिफ्टची कार दोरांच्या एका टोकाला आणि तिला तोलून धरणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, दुसऱ्या टोकाला. मोटर दोर गुंडाळत नाही; वरच्या खाचांच्या चाकावरून, ज्याला आम्ही शीव म्हणतो, ते दोर निव्वळ घर्षणावर चालतात. काउंटरवेट कारच्या वजनाइतकं, अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के. समज, कार ९०० किलो, आत पूर्ण ५४४ किलो आणि काउंटरवेट १,१७२ किलो. उभ्या लिफ्टमध्ये कारच्या बाजूचा ताण सुमारे १४,१५० न्यूटन, काउंटरवेटच्या बाजूचा ११,४९०. गुणोत्तर १.२३. आता लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली. कार ‘जड’ झाली : १,४४४ × १०.८, म्हणजे १५,६०० च्या आसपास. आणि काउंटरवेट त्याच वेळी खाली निघालंय, म्हणजे ते ‘हलकं’ झालं : १,१७२ × ८.८, म्हणजे १०,३१०. गुणोत्तर एकदम १.५१. दोर शीववर घसरायला लागेल की नाही हे या गुणोत्तरावर ठरतं, ताण नुसता किती आहे यावर नाही. खाचेचा आकार आणि दोर चाकाला किती अंशांत कवटाळतो, यावरून परवानगीची मर्यादा निघते. ‘लिफ्ट जरा झटकन् निघायला हवी’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा आम्ही आधी हे गुणोत्तर बघतो. कारमध्ये उभ्या असलेल्या माणसाला फक्त आपलंच वजन वाढल्याचं जाणवतं, पलीकडे काउंटरवेटचं घटलंय याचा त्याला पत्ता नसतो.

माणसाला जाणवतं ते नक्की काय, हाही प्रश्न आहे. वेग जाणवत नाही, हे तुझ्या १८ सेकंदांनी सिद्ध केलंच. तैपेई १०१ या इमारतीतली लिफ्ट मिनिटाला १,०१० मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाने वर जाते, तरी तिच्यात माणूस फरशीला चिकटून बसत नाही. त्वरण आपल्या लिफ्टच्या मानाने फार जास्त नसतं, ते जास्त वेळ चालतं एवढंच. तिथे त्रास होतो तो कानांना, हवेचा दाब बदलल्यामुळे. म्हणूनच ती खाली येते मिनिटाला ६०० मीटरच्या वेगाने. कानाच्या आत चुन्याचे सूक्ष्म कण असलेले अवयव त्वरण ओळखतात, पोटातली आतडीही जागची हलतात. पण सगळ्यात जास्त खटकतो तो त्वरणातला बदल, ज्याला आम्ही जर्क म्हणतो. टू-स्पीड मोटरच्या जुन्या लिफ्ट आठव : मजला जवळ आला की धप्पकन वेग उतरायचा, मग सरपटत जाऊन ब्रेकने खट्कन् थांबायच्या. त्वरण तिथे फार होतं असं नाही, ते एकदम यायचं आणि एकदम जायचं. मोटरचा वेग हवा तसा हळूहळू बदलू शकणारे व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह आल्यावर त्वरणाच्या चढ-उताराला गोलाई देता आली आणि तोच प्रवास मऊ झाला. लिफ्ट सोपवण्याआधी आम्ही फरशीच्या मधोमध मोजणीचं यंत्र ठेवून आलेख काढतो. तिथली भाषा मिली-जी, म्हणजे जी (गुरुत्वाचं ९.८ हे त्वरण) याचा हजारावा भाग : तुझं ०.५ म्हणजे साधारण ५१ मिली-जी.

दोर तुटण्याकडे येऊ. सगळा आधार गेला आणि लिफ्ट मोकळी पडली, तर त्वरण खालच्या दिशेने ९.८. सूत्रात घाल : ९.८ वजा ९.८, रेटा शून्य, काट्यावर शून्य. पृथ्वी तुला तेव्हाही ५८८ न्यूटननेच ओढत असते. काटा तुझ्याच त्वरणाने पडतोय म्हणून त्याला तुला रेटायची गरज उरत नाही, इतकंच. अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात तेही याच कारणाने. तिथे, ४०० किलोमीटर उंचीवर, गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ९० टक्के शिल्लक असतं. जर्मनीत ब्रेमेनला यासाठी एक मनोराच बांधलाय. त्यातल्या निर्वात नळीतून प्रयोगाची पेटी ११० मीटर खाली सोडतात आणि ४.७४ सेकंद वजनरहित अवस्था मिळवतात.

पण लिफ्टमध्ये हे घडायला किती गोष्टी बिघडाव्या लागतात ते बघ. दोर एक नसतो, तीन किंवा जास्त असतात आणि सगळे मिळून भरलेल्या कारच्या बारापट भार पेलतील असे निवडतात. चार दोर असतील तर त्यातला एकटा दोरही तिप्पट भार पेलेल. सगळे गेले असं समजलं, तरी लिफ्टच्या वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर आहे. ठरलेल्या वेगाच्या ११५ टक्क्यांवर गेल्यावर, प्रकारानुसार जरा पुढे, तो अडकतो आणि कारखालच्या सेफ्टीच्या, म्हणजे आणीबाणीच्या ब्रेकच्या, पाचरी कारच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या रुळांना (गाइड रेलना) पकडतात. १८५४ मध्ये एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात फळीवर उभं राहून दोर कापून घेतला होता, त्यामागे हीच कल्पना होती. आजच्या सेफ्टीने लिफ्ट सरासरी ०.२ ते १ जी मंदनाने थांबवायची असते. म्हणजे तुझा काटा तेव्हा ७२ ते १२० किलोंच्या मधे काहीतरी दाखवेल. पिटातल्या, म्हणजे लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यातल्या, धक्का झेलणाऱ्या तेलाच्या बफरचंही तसंच. १.५ मीटर प्रति सेकंदाची लिफ्ट ११५ टक्के वेगाने आदळली आणि १ जी मंदनाने थांबवायची असेल, तर बफरला १५ सेंटिमीटर दबावं लागतं. वेगाचा वर्ग भागिले दोन जी, करून बघ.

सिनेमात हमखास चुकवतात ते ब्रेक निकामी होण्याचं दृश्य. दोर शाबूत आहेत, ब्रेक गेला, आत तू एकटा : लिफ्ट खाली पडत नाही, वर जाते! कार आणि तू मिळून ९६० किलो, पलीकडे काउंटरवेट १,१७२. फरक २१२ किलोंचा, हलवायचं एकूण वस्तुमान २,१३२. त्वरण जास्तीत जास्त ०.९७, घर्षण आणि मशीनचं जडत्व धरलं तर त्याहून कमीच. काटा जास्तीत जास्त ६६ किलो दाखवेल. म्हणजे ब्रेक गेलेली लिफ्ट निघताना नेहमीच्या लिफ्टहून फारशी वेगळी जाणवत नाही, फरक इतकाच की वेग वाढायचा थांबत नाही. हे कळायला सेन्सरच लागतो, पोटातल्या गोळ्यावर विसंबून चालत नाही. म्हणूनच हल्ली वरच्या दिशेच्या अतिवेगालाही वेगळी सुरक्षा बसवतात.

आता उडी. सातव्या मजल्यावरून २१ मीटर मोकळं पडलास, तर खाली पोचायला दोन सेकंदांहून किंचित जास्त लागतील आणि वेग असेल २०.३ मीटर प्रति सेकंद, ताशी ७३ किलोमीटर. चांगली उडी मारणारा माणूस शरीर ४० सेंटिमीटर उचलतो, म्हणजे निघतानाचा वेग २.८. तो वजा कर. ७३ च्या जागी तू ६३ किलोमीटर वेगाने आपटशील. शिवाय खालचा क्षण ओळखणार कसा? बंद पेटीत तू तरंगतोयस, पाय फरशीवर टेकलेले असतील याचीही खात्री नाही, आणि उडी साधलीच तर डोक्यावर छत आहे.

खऱ्या आयुष्यातलं मोठं उदाहरण एम्पायर स्टेट बिल्डिंगचं. २८ जुलै १९४५ ला धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान ७९ व्या मजल्याजवळ धडकलं. लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर त्यात जखमी झाली. तिला दुसऱ्या लिफ्टने खाली पाठवताना, आधीच इजा झालेले दोर तुटले आणि लिफ्ट ७५ मजले खाली गेली. ती वाचली. उडी मारून नव्हे. पिटात साचलेल्या दोरांच्या वेटोळ्यांनी आणि अरुंद शाफ्टमध्ये दबलेल्या हवेने मंदन कमी केलं, असं मानतात. पुन्हा तेच : शेवटी फरशी तुला किती रेटते आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं.

परीक्षेपुरतं एक. आकृतीत छद्म बल (त्वरणामुळे आतल्या माणसाला भासणारं, उलट दिशेचं काल्पनिक बल) काढायचं असेल तर लिफ्टच्या आतून बघायचं आणि त्वरण शून्य धरायचं. बाहेरून बघत असशील तर छद्म बल काढायचं नाही. मुलं दोन्ही एकत्र करतात आणि त्वरणाचा परिणाम दोनदा मोजला जातो. शिवाय तुझं वजन आणि फरशीचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, दोन्ही बलं तुझ्यावरच आहेत. फरशीच्या रेट्याची जोडी म्हणजे तू फरशीला खाली देतोस तो दाब. आणि खालच्या दिशेचं त्वरण ९.८ पेक्षा जास्त दिलं असेल, तर रेटा ऋण येतो. फरशी ओढू शकत नाही, म्हणजे तो रेटा छताचा.

पुढच्या वेळी काट्याऐवजी मोबाइल वापर. आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे. फोन फरशीवर सपाट ठेव आणि गुरुत्वासकट त्वरण दाखवणारा प्रयोग सुरू कर. उभ्या लिफ्टमध्ये ९.८ च्या आसपास सरळ रेष येईल, खाली निघताना ९.३ कडे खड्डा, मग लांब सपाट भाग आणि थांबताना १०.३ कडे उंचवटा. एकाच मजल्याची फेरीही काढ. लिफ्ट १.५ मीटर प्रति सेकंदाची असेल तर मधला सपाट भाग बहुधा दिसणारच नाही, कारण तीन मीटरांत ती पूर्ण वेगाला पोचतच नाही. आणि थांबतानाच्या उंचवट्यानंतर एक वेगळा टोकदार काटा वर आलेला दिसला, तर कार पूर्ण थांबायच्या आत ब्रेक बसतोय किंवा लेव्हलिंग, म्हणजे कार मजल्याच्या बरोबर पातळीला आणणं, बिघडलंय. तो आलेख जपून ठेव आणि सोसायटीच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्याला दाखव. ‘झटका बसतो’ या तक्रारीपेक्षा त्याला त्यातून जास्त कळेल.